सोय कुणाची?

"राहण्याची सोय होईल का?" हे वाक्य मी दिवसातून निदान पंधरा वेळा ऐकते. जत्रा जवळ आली की मोजायचं सोडून देते. गोव्यात अंत्रूज महालातल्या, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या, एका देवस्थानाच्या अग्रशाळेत माझं एकोणीस वर्षांचं काम आहे: फोन घ्यायचा, वहीत नाव उतरवायचं, किल्ली द्यायची आणि गिझर तापत नाही म्हणून खाली आलेल्या माणसाचं तोंड बघायचं. अग्रशाळा म्हणजे देवळाच्या आवारातली मुक्कामाची जागा. घाटावरचे लोक तिला धर्मशाळा म्हणतात, मुंबईचे भक्तनिवास म्हणतात.

गेल्या वर्षी ऑफिसात एक नवी मुलगी लागली. घरची भाषा कोंकणी, शाळा इंग्रजी, मराठी टीव्हीवरची. हुशार आहे, पण भाविकांना पाठवायचा पहिलाच निरोप तिने लिहिला तो असा: "आपल्या सोयसाठी खोलीची सुविधा केली आहे." चूक कुठे ते तिला सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की हा एक शब्द धड समजला की आमचं निम्मं काम समजतं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. मराठी नव्याने शिकणाऱ्याला उपयोग होईल, आणि जन्मभर मराठी बोलणाऱ्यालाही थोडा होईल असं वाटतं, कारण पाट्या लिहिणारे बहुतेक तेच असतात.

आधी गोव्याची अडचण सांगून टाकते. आमच्या घरच्या कोंकणीत सोय म्हणजे खवलेला नारळ. आदोळीवर बसून खवायचा, मग वाटण. ही मुलगी लागली त्याच आठवड्यात सोलापूरच्या एका बाईंचा फोन आला, चाळीस माणसांची जेवणाची सोय होईल का म्हणून. हिने रिसीव्हर हातात धरून स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि ओरडली, "सोय आसा गो?" आतून उत्तर आलं, "आसा, दोन नाल्लांची!" हिने फोनवर सांगितलं, हो, आहे. चाळीस माणसं दुपारी साडेबाराला दारात उभी. त्या दिवशी दोन नारळांच्या सोयीवर चाळिसांची सोय कशी झाली ते आमची स्वयंपाकीण अजून ऐकवते. तेव्हा पहिली गोष्ट ही की गोव्यात स्वयंपाकघराशी बोलताना मराठी सोय वापरायची नाही. "चाळीस पानं वाढशील?" असं विचारायचं.

आता अर्थ. मुलीने सुविधा आणि सोय एकाच मापाने मोजले होते. पुष्कळ लोक तसंच करतात, जाहिरातींत तर "सोयीसुविधा" अशी जोडीच लावून टाकतात, म्हणजे विचार करायला नको. पण फरक आहे. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, ही सुविधा. ती तुम्ही आलात तरी आहे, नाही आलात तरी आहे. तुमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही फोनवर म्हणालात, म्हणून मी तळमजल्यावरची चार नंबरची खोली कुणाला दिली नाही, ही सोय. सुविधा वस्तूत असते. सोय नेहमी कुणाची तरी असते, आणि ती कुणाची हे कळल्याशिवाय ती झाली की नाही ते सांगता येत नाही.

व्यवस्थेचं वेगळं. व्यवस्था करणाऱ्याच्या बाजूने बघितलेली असते. पाचशे माणसांच्या महाप्रसादाची व्यवस्था आमच्याकडे चोख असते: पंगती, पानं, वाढपी, पाणी. तरीही मागे एकदा एक मधुमेही काका पानावर नुसता भात आणि गोड मणगणं बघत बसले होते, कारण त्या दिवशी भाजी संपली होती. व्यवस्था होती, त्यांची सोय नव्हती. तरतूद हा शब्द पैशाचा आणि कागदाचा. बजेटात तरतूद असते, खोलीत नसते. आणि सवड फक्त वेळेची. "सवडीने या" म्हटलं तर वेळ मिळेल तेव्हा या, "सोयीने या" म्हटलं तर वेळ, गाडी, तब्येत, मुलांची परीक्षा, सगळं बघून या. म्हाताऱ्या माणसाला मी नेहमी सोयीने या म्हणते.

व्याकरण थोडक्यात. सोय स्त्रीलिंगी: चांगली सोय. अनेकवचन सोयी. प्रत्यय लागताना सोयी- होतं: सोयीचा, सोयीने, सोयीसाठी. "सोयसाठी" मराठीत नाही. सोयीस्कर कोणी सोईस्कर लिहितात. मी सोयीस्कर लिहिते.

खरी मजा क्रियापदात आहे, कारण सोय एकटी काही करत नाही. तिच्यापुढे काय येतं त्यावर सगळं ठरतं.

सोय करणे आणि सोय लावणे यांत लोक गोंधळ करतात. करणे हे आजच्यापुरतं, दोन दिवसांपुरतं. लावणे म्हणजे कायमचं, पुन्हा बघायला नको असं. पाहुण्यांची सोय करतात. मुलाला नोकरीला चिकटवलं, धाकट्या भावाला दुकान काढून दिलं, म्हणजे त्याची सोय लावली. मुलीला हे समजावताना मी आमच्या देवांचंच उदाहरण दिलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टी, बारदेश, तिसवाडीतली देवळं मोडायला घेतली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडून इकडे आणले, कारण अंत्रूज तेव्हा पोर्तुगीजांच्या हाताबाहेर होतं. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली प्रियोळात आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आले तेव्हा मोठी देवळं कुठली? मिळेल त्या आडोशाला देवांची सोय केली. कवळ्याचं आजचं देऊळ उभं राहिलं ते १७३८ च्या सुमारास, सातारच्या शाहू महाराजांच्या काळात. म्हणजे सोय केल्यापासून सोय लागेपर्यंत दीडशे वर्षांहून जास्त गेली. मुलगी म्हणाली, देवांना एवढा वेळ, मग भाविकांनी दहा मिनिटं थांबायला काय होतं? तो प्रश्न वेगळा.

लावणे वापरताना मात्र जपून. "त्याची चांगली सोय लावली" हे हसत म्हटलं तर कौतुक, दात-ओठ खात म्हटलं तर त्याचा काटा काढला. आणि कुणाच्या म्हाताऱ्या आईवडिलांबद्दल "सोय लावली" म्हटलं की ऐकणारा क्षणभर थांबतो. त्यावर पुढे येते.

सोय होणे हे सगळ्यात सभ्य. यात करणारा दिसत नाही. "पैशाची सोय झाली का?" असं विचारलं की कुणाकडून घेतले, किती व्याजाने, दागिने कुठे ठेवले, हे काहीच विचारलेलं नसतं, आणि तरी काळजी पोचलेली असते. गरजू माणसाची अब्रू राखणारं वाक्य आहे हे. मागच्या पावसाळ्यात दोडामार्गहून एकाचा फोन आला. म्हणाला, "पेशंट बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात आहे, दोन रात्रींची कुठे सोय होईल का?" त्याने "तुमच्याकडे" म्हटलं नाही, "कुठे" म्हटलं. म्हणजे मला नाही म्हणायला जागा ठेवली. बांबोळीहून इथे रोज ये-जा करणं त्याला जमलं नसतं, खोली रिकामी असून उपयोग नव्हता. पण त्या "कुठे"मुळे मी फोन ठेवून मोकळी झाले नाही. तिकडे जवळ राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना विचारलं आणि त्याला उलट फोन केला. नुसतं "रूम आहे का?" आलं असतं तर "आहे, पण लांब पडेल" म्हणून विषय संपवला असता, हे कबूल करते.

मागायचं असेल तर असं मागा: "आमची काही सोय होईल का?" "काही" आणि "होईल" हे दोन शब्द काढू नका. "सोय आहे का?" हे चौकशीचं वाक्य झालं, रेल्वेच्या खिडकीवर चालतं. "सोय करा" म्हणणारेही येतात, बहुतेक कुणाचं तरी नाव सांगत येतात. त्यांचीही होते, पण चार नंबरची खोली मिळत नाही.

नाही म्हणायची वेळ आली तर "सोय नाही" असं तोडून बोलू नये. ते खोलीबद्दल न राहता माणसाबद्दल होतं. "आज सोय होणार नाही" म्हटलं की आजपुरतं झालं. त्यापुढे "म्हार्दोळला विचारून बघा" एवढं जोडलं तर माणूस पायरी उतरताना नमस्कार करून जातो.

आता माझा आवडता वापर, जो पुस्तकी मराठी शिकलेल्याला पटकन उमगत नाही. "बोलायची सोय नाही." यात बोलण्याची व्यवस्था नाही असं काही नाही, तोंड आहे, समोर माणूस आहे, सगळं आहे. पण बोललं तर काहीतरी होईल. -ण्याची आणि -आयची यांत इथे बारीक फरक पडतो. "बसण्याची सोय नाही" म्हणजे खुर्च्या नाहीत. "बसायची सोय नाही" म्हणजे खुर्ची असेल हो, पण बसले की कुणीतरी हाक मारतं. दर वेळी हा नियम घट्ट बसतो असं नाही, स्वर कसा आहे त्यावरही असतं, पण कान तयार करायला तो पुरतो. चतुर्थीच्या आठवड्यात आजारी पडायची सोय नाही. जुलैत गोव्यात कपडे वाळत घालायची सोय नाही (हे दोन्ही अर्थांनी खरं). मी सत्तरी तालुक्यातली, सासर समुद्राकडचं; आमच्या नदीतल्या माशाचं कौतुक करायची मला सासरी सोय नाही. "आता मागे फिरायची सोय राहिली नाही" यातली सोय तर सोय नव्हेच, वाट आहे. मुलीला मी सांगितलं, हे वाक्य रोज एक करायचं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, तुमच्यासमोर कोंकणी 'सोय' म्हणायची सोय नाही." पास.

गैरसोय हा याचा उलटा शब्द. पाट्यांवर हल्ली "असुविधेबद्दल खेद आहे" असं दिसतं; ते हिंदी पाटीचं मराठी कपड्यातलं रूप. आपल्याकडे गैरसोय हा घरचा शब्द आहे. मात्र तो वापरताना एक पथ्य. गैरसोय झालेल्याने "माझी गैरसोय झाली" म्हटलं की ती तक्रार होते, तेच यजमानाने विचारलं, "तुमची गैरसोय नाही ना झाली?", की आतिथ्य होतं. या प्रश्नाला पाहुण्याने खरं उत्तर देऊ नये अशी रीत आहे. "छे, छे, उलट फार छान सोय झाली" म्हणायचं आणि गिझरचं निघताना, जोडे घालताना, सहज बोलल्यासारखं सांगायचं.

सोयीचा आणि सोयीस्कर हे एकच समजू नका. सोयीचा साधा: फोंड्याहून सोयीची बस, सोयीचा रस्ता. सोयीस्करला हल्ली वास लागलाय. "तो सोयीस्करपणे विसरला" म्हणजे विसरला नाहीच. "सोयीस्कर अर्थ" म्हणजे खोटा अर्थ. तेव्हा निरोपात "आपल्याला सोयीस्कर वेळ कळवा" असं लिहायला हरकत नाही, पण मी "सोयीची वेळ" लिहिते. आणि "तो आपली सोय बघतो" हे तर सरळ शिवीच आहे, सभ्य घरातली.

आता माझी स्वतःची फजिती. पाच-सहा वर्षांपूर्वी मी एक पाटी रंगवून घेतली होती: "भाविकांच्या सोयीसाठी काउंटर दुपारी १ ते ३ बंद राहील." मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, सगळीकडे तसंच लिहितात. एप्रिलचे दिवस. बेळगावहून आलेल्या एक आजी, कुळावी, म्हणजे त्यांचं कुलदैवतच आमच्याकडचं, सवा वाजता बोचकं घेऊन पाटीसमोर उभ्या राहिल्या. पाटी मोठ्याने वाचली. मग जाळीच्या दारातून आत डब्याशी बसलेल्या मला विचारलं, "अगं बाई, सोय कुणाची? माझी की तुझी?"

घास तोंडात राहिला. उठून किल्ली दिली, आणि दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला बोलावलं. आता पाटी अशी आहे: "दुपारी १ ते ३ आम्ही जेवतो. या वेळात खोली मिळणार नाही." कमिटीतल्या एकाला ती उद्धट वाटते. भाविकांपैकी अजून कुणाला वाटलेली नाही. उलट लोक म्हणतात, जेवा, जेवा, आम्ही बसतो.

तेव्हापासून पाटी किंवा निरोप लिहिताना मी एकच करते, आणि मुलीलाही तेच करायला लावते. "सोयीसाठी" लिहिलं की त्याआधी नाव घालून बघायचं, आजीचं, काकांचं, खऱ्या माणसाचं. "त्या आजींच्या सोयीसाठी काउंटर बंद राहील." वाचून हसू आलं तर शब्द खोडायचा. "आपल्या सोयीसाठी चपला बाहेर ठेवाव्यात" हे या चाळणीतून जात नाही. चपला बाहेर ठेवायच्या त्या देवळाच्या शिस्तीसाठी. "आपल्या सोयीसाठी पायऱ्यांना कठडा बसवला आहे" हे जातं. मुलीचा तो पहिला निरोप आम्ही असा दुरुस्त केला: "आपली तीन जणांची राहण्याची सोय केली आहे. आईंना जिना नको म्हणून खोली खालची ठेवली आहे." सुविधा शब्द गेला, सोय उरली, आणि कुणाची तेही उरलं. सोय जाणतो तो सोयरा असं आमचे जुने लोक म्हणतात. या दोन शब्दांचं मूळ एक आहे की नाही त्यात मी शिरत नाही. ऑफिसच्या कामाला म्हण पुरते.

राहिलं ते "सोय लावली"चं. दिवाळीनंतर निपाणीहून एकजण आईला घेऊन आला. दोन रात्रींसाठी खोली घेतली, आईची पिशवी आत ठेवली, आणि काउंटरपाशीच उभं राहून फोनवर कुणाला तरी म्हणाला, "आईची सोय लावली. आता आपण मोकळे. कळंगुटला भेटू." आई तीन हातांवर बाकावर बसली होती. तिने ऐकलं. मीही ऐकलं, आणि पावतीचं पुस्तक चाळत राहिले.

दोन दिवस मी तिला बघत होते. सकाळी अभिषेकाला बसायची. दुपारी प्रसादाला पहिल्या पंगतीत. ऊन उतरलं की तळीच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी बोलायची. आमच्या स्वयंपाकिणीकडून तिने खतखतं शिकून घेतलं, आणि सोय म्हणजे काय तेही. तिसऱ्या दिवशी मुलगा दहा वाजता गाडी घेऊन हजर. लगेच निघू म्हणाला. ती म्हणाली, "जेवून निघू. माझी इथं चांगली सोय आहे."

जेवली, पुन्हा एकदा देवीसमोर बसली, सावकाश पिशवी भरली. अनामत रक्कम परत घ्यायला मुलगा किल्ली घेऊन आला तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. त्याने पाटी वाचली. मी डबा उघडला होता. तो तीन वाजेपर्यंत बाकावर बसून राहिला, आणि आई तळीवर.